साखर कमी

आठ वॉट. एवढाच जीव आहे माझ्या ॲम्प्लिफायरला.
परदेशीपुऱ्याच्या निगुडकरने बांधून दिलेला,
चार काचेचे दिवे, दोन ट्रान्सफॉर्मर,
उचलला की कंबर आठवते.
बटण दाबल्यावर पाऊण मिनिट काहीच नाही,
मग दिव्यांच्या पोटात विस्तव धरतो.
"थंडीचा बरा आहे," ही म्हणते, आणि हात शेकते.

जुने स्पीकर चौऱ्याऐंशी डेसिबलचे.
बहिरे नव्हेत,
पण चारदा हाक मारावी तेव्हा ओ देणारे.
जावई म्हणाले, मोठे टॉवर घ्या, बाबा.
निगुडकर म्हणाला, दणकट नका बघू,
थोडक्यात ऐकणारे बघा. शहाण्णवचे मिळाले
तर तेवढ्याच आवाजाला वीज सोळापट कमी.
मी वहीत लिहिलं: सोळापट.
निवृत्त माणसाला असे आकडे आवडतात.

महाराणी रोड, तोलानीचं दुकान, दुसरा मजला.
ॲम्प्लिफायर रिक्षात मांडीवर घेऊन गेलो,
खिशात घरची कॅसेट.
दुकानातल्या गाण्यांवर सगळेच स्पीकर गातात.

त्र्याऐंशीचा पौष, रामबागेत तेलंगांची माडी,
धारच्या बाई बिहाग गात होत्या.
निषादावर येऊन त्या थांबतात,
अख्खी माडी श्वास धरून,
आणि नेमकं तिथे कुणी पुरुष काहीतरी बोलतो.
इतकी वर्षं ती नुसती गुरगुर होती.
गुरगुर मी ओळखली होती. अच्युत हरसोळे.
चार माणसांत त्याला म्हणालो होतो,
"तुला कान दिलेत ते चष्मा अडकवायला."
तो पुढे देवासला गेला.
कॅसेटची प्रत मागितली नाही त्याने,
मीही दिली नाही.

आधी टॉवर लावले.
बाई तोंडावर शाल घेऊन गायल्यासारख्या.
तोलानीच म्हणाला, "भिया, हाथी है ये,
आपके चार दानों से नहीं उठेगा."

मग भोंग्याचे.
बाई एकदम मांडीवर येऊन बसल्या,
तबला पत्र्याचा झाला,
मी खुर्ची मागे सरकवली, तरी मांडीवरच.

तिसरी जोडी कोपऱ्यात होती, विकायची की नाही
हे त्याचंही ठरलेलं नव्हतं.
महूच्या कुठल्याशा क्लबातली, कागदी कोन,
एकीच्या डोक्यावर कपाची गोल खूण.
लावली.
तंबोऱ्याची खुंटी किंचित कुरकुरली.
बांगडी. खालून टेम्पो गेला, रामबागेच्या चढावर गिअर बदलत.
बाई बसल्या होत्या तिथेच होत्या, सात फुटांवर,
निषादाला हात लावला त्यांनी, ठेवला,

"साखर कमी, बरं का."

स ला शीळ.
पुढच्या दोन दातांतली फट,
जी मी पासष्टाव्या वर्षी कवळीने बुजवली.

मागे नेऊन पुन्हा लावली.
पुन्हा.
जुन्या स्पीकरांनी सगळे स गिळले होते,
चाळीस वर्षं, माझ्या बाजूने.
तोलानीने विचारलं, "कौन बोला ये?"
मी म्हणालो, "होगा कोई."

घासाघीस केली नाही.
हिला तेच पहिलं खटकलं:
"सांगतील तेवढे दिलेत? बरं वाटत नाहीये का?"
म्हटलं, आवाज चांगला आहे.
मग पेट्या भिंतीपासून हातभर पुढे ओढल्या,
तोंडं खुर्चीकडे वळवली,
कपाची खूण पुसून पाहिली. जात नाही.

डायरीत देवासचा नंबर होता, पाच आकडी.
तो आता कुठे लागणार.
निगुडकरला फोन केला.
"कसे आहेत?"
"ऐकतात," म्हणालो, "जास्तच."
आणि थोडं थांबून,
हरसोळ्यांचा नंबर असेल का तुझ्याकडे?
तिकडे सोल्डरिंगचा चर्र आवाज आला.
"कोणते हरसोळे?"